ओल्या मातीचा आकडा

माझ्याकडे जुन्या कॅलेंडरचं एक पान आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात दोन आकडे आहेत. वर लिहिलंय, सुकी ६००. खाली, ओली १०००. खालच्या आकड्यावर मी तेव्हाच पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. रेघा मारल्या तरी आकडा वाचता येतो. सत्तावीस वर्षं झाली, अजून वाचता येतो.

हे पान मी कुणाला दाखवलं नव्हतं. यंदा गणपतीत दाखवलं. त्यावरून मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल जे काही बोललं जातं, त्यातलं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याचं खरं काय ते मी इथे लिहितो.

मी अंधेरीच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. इंजिनिअर नाही, डिप्लोमावाला. इंजिनिअर हिशेब करतात, मी नकाशे काढतो. पण इतकी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब उतरवून घेतले की आपल्यालाही ते समजायला लागतात. लागलो तेव्हा तिथल्या मोठ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवलं. टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, सुक्या वाळूने काठोकाठ भरलेला.

"उचल," म्हणाले. उचलला. मग त्यांनी तांब्यातलं पाणी हळूहळू त्यात ओतलं. अर्ध्याच्या वर तांब्या रिकामा झाला, डब्यातून थेंब बाहेर आला नाही.

"आता उचल. वाढला का रे डबा?"

"नाही साहेब."

"वाळू वाढली?"

"नाही."

"मग जड कशाने झाला?"

मी म्हटलं, पाण्याने. ते म्हणाले, "पाणी बसलं कुठे ते सांग. वाळूच्या कणांमध्ये हवा होती, तिच्या जागी. जागा तेवढीच, माल जास्त. माणूस डोळ्यांनी जागा मोजतो आणि वजन मोजलं असं समजतो. नकाशा काढताना डोळ्यांवर जाऊ नकोस."

वजन, आकारमान आणि घनता ही शाळेत पाठ केलेली भानगड मला त्या दिवशी हाताला कळली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत मी ती घरच्यांपासून लपवली.

आमची जुनी इमारत चार मजली होती, आम्ही तिसऱ्यावर. बाबा गिरणीतून सुटले तेव्हा त्यांना काय करावं ते सुचेना. मग त्यांनी गॅलरीत परसू, म्हणजे परसबाग, करायचं ठरवलं. मुंबईची माती त्यांना माती वाटत नसे. गावावरून आंब्याच्या टेम्पोतून त्यांनी लाल मातीच्या वीस गोण्या आणल्या आणि चार दिवस एकेक करून स्वतः तीन जिने चढवल्या. तळाला घालायला नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, आणली. गावात माडाच्या आळ्यात सोडणं घालतात, ती पाणी धरून ठेवतात. ढीगभर सोडणं त्यांनी एका खेपेत, एका काखेत मारून वर आणली. इतकी हलकी.

गोण्या जिन्याजवळ रचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू हापिसात ह्याच करतस मा? बघ रे, चलात मा?"

मी कॅलेंडरचं पान फाडलं, पाठीमागे हिशेब केला. वीस गोण्या, प्रत्येकी तीस किलो, सहाशे. गॅलरी जुनी, पण सहाशे तिने पेलले असते. मग साहेबांचा डबा आठवला. ओली माती धरली, सोडणं पाणी पिऊन किती होतील ते धरलं. सुकी सोडणं पंधरा किलोसुद्धा नव्हती, भिजल्यावर ती दीडशे होणार होती. आकडा हजारावर गेला. मी गॅलरीच्या खालच्या बाजूला पाहिलं. प्लास्टरला गंजाचे तांबूस डाग होते. हे मी पाहिलं, हेही इथे नोंदवतो.

बाबा समोर उभे होते. अंगावर बनियन, खांद्याला मातीचा लाल पट्टा. इतके खूष मी त्यांना गिरणी बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "जड होईल का जरा?"

"जड खंयची? वीसय गोणी मी एकट्यान वर हाडलंय."

एकट्याने एकेक उचलली म्हणून सगळी मिळून हलकी, हे त्यांचं गणित. त्यांच्या चुकीला मी चूक म्हणू शकत नाही, कारण त्यांच्या समोर डबा कुणी ठेवलाच नव्हता. माझ्या समोर ठेवला होता. मी खालच्या आकड्यावर रेघा मारल्या, वरचा त्यांना दाखवला आणि म्हटलं, "चालेल."

पुढची दोन वर्षं आम्ही त्या गॅलरीतलं अळू खाल्लं, तोंडली खाल्ली. आई अबोलीचे गजरे करायची. बाबा रोज पाणी घालत आणि मी रोज सकाळी खाली उतरताना मान वर करून ते तांबूस डाग बघत असे. वाढलेत का, हे बघत असे. बोलत मात्र नसे.

मग एके दिवशी सकाळी पाणी गेलं. बाबांनी अळवात पाइप टाकला होता, नळ उघडाच राहिला, नळाला थेंब नाही. सगळे बाहेर गेलो. दुपारी पाणी आलं. माती वाहून जाऊ नये म्हणून गॅलरीच्या भोकात बाबांनी सोडणाचा बोळा मारलेला होता. दीड-दोन तास पाणी भरत राहिलं. मग गॅलरीची कड तुटून खाली आली.

खाली दुसऱ्या मजल्यावर काकू राहायच्या. नवरा नव्हता, मुलगी शाळेत. त्या गॅलरीत हात वर करून, काठीने उंच दांड्यावर कपडे वाळत घालत होत्या. उजव्या खांद्यावर लागलं. जीव वाचला. हात मात्र त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही.

सगळी इमारत म्हणाली, नळ उघडा राहिला. बाबा म्हणाले, माझा नळ. ते हॉस्पिटलात काकूंच्या पायाशी उभे राहून रडले आणि मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या तोंडून हजार हा आकडा निघाला नाही. नळ उघडा राहायला नको होता हे खरंच. पण भरपूर पाणी घातलेल्या मातीचं ओझं ती गॅलरी दोन वर्षं सोसत होती, तेही मी चालेल म्हटल्यामुळे. नळाने शेवटचा धक्का दिला, इतकंच.

घरी येऊन बाबांनी उरलेली माती खाली नेऊन टाकली. दुसऱ्या महिन्यापासून ते रोज सकाळी दहाला एक मजला उतरून काकूंचे कपडे वाळत घालू लागले. काठी काकूंचीच. आधी काकू लाजल्या, मग दारातूनच बादली पुढे करायला लागल्या. बाबा जाईपर्यंत अकरा वर्षं हे चाललं. रविवारी मी घरी असे. आमच्या दुरुस्त झालेल्या गॅलरीतून मला त्या काठीचं टोक वर-खाली होताना दिसे. एकदाही मी म्हटलं नाही की बाबा, आज मी जातो. गेलो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं.

हे झालं आधीचं. आता यंदाचं.

जुनी इमारत पाडून आमचा टॉवर झाला. मागच्या बाजूला सोसायटीचा एकमजली हॉल आहे, त्याच्यावर मोकळी गच्ची. हॉलच्या पुढच्या ओटीवर, त्याच गच्चीखाली, म्हाताऱ्या मंडळींचा कट्टा जमतो. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. संध्याकाळी पाच ते आठ तिथली कोपऱ्यातली खुर्ची त्यांचीच.

आमचा सेक्रेटरी माझ्याबरोबर जुन्या इमारतीत वाढलेला. उत्साही माणूस. यंदा त्याने ठरवलं की विसर्जनाला बाहेर रांगा लावायच्या नाहीत, आपला हौद आपल्या गच्चीवर. पंधरा फूट बाय बारा फूट, चार फूट खोल, लोखंडी पाइपांच्या सांगाड्यात जाड प्लास्टिक. चार फूट का, तर त्याची मूर्ती तीन फुटी असते आणि ती उभीच्या उभी बुडायला हवी. ती आतून पोकळ असते, दोन पोरं हसतखेळत उचलतात. आमची शाडूची जेमतेम सव्वा फूट, पण चौरंगावर ठेवेपर्यंत माझे दंड भरून येतात.

मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू त्यातलाच आहेस ना यार. सांग यांना. चालेल ना?"

प्रश्न तोच. सत्तावीस वर्षांनी, जवळजवळ त्याच शब्दांत.

मी म्हटलं, "नाही चालणार."

हॉलमध्ये आधी कुणाला ऐकूच आलं नाही. मी मीटिंगमध्ये बोलत नाही, त्यामुळे लोकांना सवय नव्हती.

"काय म्हणालास?"

"ही गच्ची माणसांसाठी आहे. तुझा हौद भरला की वीस हजार लिटर. वीस टन."

"अरे पाणीच तर आहे."

"पाणीच आहे म्हणून सांगतोय."

"मागच्या वर्षी वर दोनशे माणसं नाचली रे. तुझी वहिनीपण नाचली, ती एकटीच एक टन आहे." लोक हसले. सेक्रेटरीची बायको सगळ्यात जोरात हसली आणि म्हणाली, "घरी ये, दाखवते टन."

"दोनशे माणसं पूर्ण गच्चीभर होती," मी म्हटलं. "हा हौद म्हणजे साडेतीनशे माणसं त्या एका कोपऱ्यात उभी करायची. एकेका लादीवर दोन-दोन. रात्रभर. आणि कुणी हलायचं नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "याला कुठेही भीतीच वाटते." सेक्रेटरी म्हणाला, त्याच्या ओळखीच्या इंजिनिअरला त्याने फोन केलाय, तो म्हणतोय काही होत नाही. मी विचारलं, त्याने नकाशा बघितला का, येऊन गच्ची बघितली का. "फोनवर कशी बघणार यार?" मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी ड्राफ्ट्समन आहे, पण रीतसर कुणाला तरी बोलवा. हात वर झाले. हौद मंजूर. माझा एकट्याचा हात खाली.

घरी बायको म्हणाली, "सांगितलंस ना? तुझं काम झालं."

तिचं बरोबर होतं. माणसाने एकदा सांगावं, नाही ऐकलं तर त्यांचं नशीब. पण मी एकदासुद्धा न सांगितलेला माणूस आहे हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तिला सगळ्यात आधी सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने उठून, ते पान जिच्यात होतं ती फाइल कपाटातून स्वतःच काढून माझ्यापुढे ठेवली.

पाच दिवसांच्या गणपतींच्या विसर्जनाच्या आदल्या दिवशी ऑफिसातून लवकर आलो. हौद उभा होता, गच्चीवरून पाण्याचा आवाज येत होता. खाली कट्ट्यावर चौघी-पाचजणी. काकू कोपऱ्यात, डाव्या हाताने मांडीवरच्या ताटातली मेथी निवडत होत्या. डाव्या हाताने त्या आता सगळं करतात.

"काकू, इथून उठा. आज आत हॉलमध्ये पण बसू नका. पलीकडे गेटाकडे बसा सगळ्या."

"का रे?"

"वर पाणी भरतायत."

"भरू देत की. आम्ही काय पाण्यात बसलोय?"

"पडेल, काकू."

"तुझं मीटिंगमधलं ऐकलं मी. सगळे म्हणतात काही होत नाही." त्यांनी मेथीची काडी ताटात टाकली. "मला उठवायचं तर कारण सांग. नुसतं पडेल, पडेल काय?"

मला कारण सांगता येईना. म्हणजे येत होतं, खिशात होतं. मी जिना चढून वर गेलो.

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. मी व्हॉल्व बंद केला. सेक्रेटरी बाजूलाच खुर्चीवर चहा पीत होता. तो म्हणाला, "ए, काय करतोस?" मी बूट काढले, सांगाड्यावरून पाय टाकला आणि हौदाच्या मधोमध मांडी घालून बसलो. ऑफिसच्या पॅंटसकट. पाणी गार होतं.

"वेडा झालास का रे?"

"मी बसलोय तोवर तू भरत नाहीस."

"मी भरीन. बुडशील तू."

"भर."

त्याने व्हॉल्वला हात लावला आणि काढला. माणसं जमायला लागली. कुणी फोन काढून शूटिंग करत होतं. एकजण म्हणाला, "काका, साबण देऊ?" मी म्हटलं, "दे." हसले सगळे. मला हसण्याचं काही वाटलं नाही. मला त्या क्षणी कशाचंच काही वाटत नव्हतं, एवढं मोकळं मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो.

तेवढ्यात काकू सावकाश जिना चढून वर आल्या. मेथीचं ताट कुणाच्या तरी हातात देऊन, एका हाताने सांगाडा धरून उभ्या राहिल्या.

"आता सांग कारण," म्हणाल्या.

मी खिशातून पान काढलं आणि त्यांना दिलं. मग सगळ्यांसमोर सांगितलं. गोण्या, सोडणं, दोन आकडे, दोन रेघा. बाबांनी विचारलं होतं आणि मी चालेल म्हटलं होतं. नळ बाबांचा होता, पण हजार मला माहीत होते. हे सांगताना माझा आवाज चढला होता, असं नंतर बायको म्हणाली. माफी मागतोय असं वाटतच नव्हतं म्हणे, भांडतोय असं वाटत होतं. असेल. सत्तावीस वर्षं मी दबक्या आवाजात वावरलो, आता त्या आवाजात बोलायचं नव्हतं.

काकूंनी पान डोळ्यांजवळ धरून वाचलं. शूटिंग करणाऱ्याने फोन खाली घेतला.

"तुझे बाबा अकरा वर्षं माझे कपडे वाळत घालत होते," काकू म्हणाल्या.

"हो."

"साड्यासुद्धा."

"हो, काकू."

"आणि तू वरून बघत होतास."

याला मी हो म्हटलं नाही. नुसती होकाराची मान हलवली.

काकूंनी पानाची घडी घातली, पुन्हा घातली आणि आपल्या बटव्यात टाकली. "मी माफ वगैरे काही करत नाहीये," म्हणाल्या. "त्या माणसाला तू खोटं ओझं वाहायला लावलंस. माझ्या हाताचं राहू दे." मग सेक्रेटरीकडे वळल्या. "आणि तू. तुझा इंजिनिअर कुठेय? त्याला म्हणावं ये, खाली माझ्या खुर्चीत बस, मग भर पाणी." परत माझ्याकडे बघितलं. "तू उठू नकोस."

मी उठलो नाही. सेक्रेटरीने दोनदा फोन लावला. इंजिनिअर बाहेरगावी होता, आज नाही येऊ शकत, उद्याही नाही. साडेसातला सेक्रेटरी स्वतःच म्हणाला, "चल बाबा, ऊठ. खाली पार्किंगमध्ये लावू." हौद सुटा करून जमिनीवर लावला, त्याच्याच गाडीच्या जागेवर. दोन दिवस त्याची गाडी रस्त्यावर होती, ते तो अजून ऐकवतो. मला सोसायटीत आता हौदवाले म्हणतात. म्हणोत. गच्ची पडली असती का, हेही विचारतात. मला माहीत नाही. जुनी गॅलरी दोन वर्षं पडली नव्हती.

विसर्जन झालं. आमची शाडूची मूर्ती सरळ तळाला गेली, सेक्रेटरीची पोकळ मूर्ती आडवी होऊन बराच वेळ तरंगली आणि दोन पोरांना तिला दाबून धरावं लागलं.

काकू त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी येता-जाता कट्ट्यापाशी थांबतो, त्या मेथी नाहीतर मटार निवडत राहतात. माझी तक्रार नाही. परवा मात्र मी पुढे निघालो तर मागून आवाज आला.

"गच्चीवरचं पाणी काढलं का रे सगळं? की कोपऱ्यात साचलंय?"

"काढलंय, काकू."

"बघून सांगतोयस की असंच?"

मी बघितलेलं नव्हतं. वर गेलो. चारही कोपरे पाहिले, भोकात हात घालून अडकलेली फुलं आणि दूर्वा काढल्या, पाणी सरकतंय ना ते ओतून पाहिलं. मग खाली येऊन त्यांना सांगितलं.